फायबर दारापर्यंत आले, खोलीपर्यंत कोण नेणार?
पंचगंगा घाटावरील दगडी घरे आणि दूरसंचार कंपन्यांपुढील घरगुती नेटवर्क सेवेची संधी

वाराणसी : देशातील दूरसंचार कंपन्यांची स्पर्धा मोबाइलच्या मनोऱ्यांकडून आता घराच्या उंबरठ्याकडे सरकली आहे. बहुतेक मोठ्या शहरांत फायबर दारापर्यंत पोहोचले आहे. मात्र दारापासून आतल्या खोलीपर्यंतचे दहा-पंधरा मीटरचे अंतर कोणी सांभाळायचे, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. घरगुती नेटवर्क सेवा या नावाने जगभरातील कंपन्या ज्या व्यवसायाकडे वळत आहेत, त्याचे मूळ याच अंतरात आहे. वाराणसीतील पंचगंगा घाटासारख्या जुन्या वस्तीत हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो, तितका तो नव्या वसाहतींतील मनोऱ्यांत दिसत नाही.

पंचगंगा घाट मराठी वाचकांना अपरिचित नाही. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच प्रवाहांचा संगम येथे मानला जातो. घाटावरील दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला आहे, तर बिंदुमाधवाच्या सध्याच्या मंदिराचे श्रेय औंधच्या पंतप्रतिनिधींना दिले जाते. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि रामघाट या सलग पट्ट्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ‘पक्का महाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातील घरे चुनारचा दगड आणि लाखौरी विटांनी बांधलेली असून गल्ल्या अरुंद आहेत, जिने अंधारे आहेत आणि घराच्या मध्यभागी उघडा चौक आहे. येथे इंटरनेट पुरविणे म्हणजे चार-पाचशे वर्षांच्या नगररचनेशी जुळवून घेणे होय.

घाटापर्यंतचा प्रवास

पंतप्रधानांचा मतदारसंघ असल्यामुळे या शहरात पायाभूत सुविधांचे प्रयोग लवकर झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये एकात्मिक ऊर्जा विकास योजनेचा राष्ट्रीय प्रारंभ वाराणसीतच झाला आणि पुढील काळात जुन्या काशीच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर क्षेत्रातील विजेच्या तारा जमिनीखाली नेण्यात आल्या. त्याच वर्षी भारत संचार निगमने दशाश्वमेध परिसरातील घाटांवर सार्वजनिक वाय-फाय सेवा सुरू केली. या सेवेला सर्वांत अनपेक्षित विरोध झाला तो वानरांकडून. घाटांवरून नेलेली फायबर केबल माकडे कुरतडत असून बसविल्यापासून दोन महिन्यांच्या आत ती बदलावी लागल्याचे वृत्त रॉयटर्सने एप्रिल २०१५ मध्ये दिले होते. दाट वस्तीमुळे प्रत्येक ठिकाणी केबल जमिनीखाली नेणे शक्य नव्हते आणि मंदिरांच्या शहरात माकडांना हटविण्याचा विषयही नाजूक होता.

ही घटना विनोदाचा विषय म्हणून गाजली. तिच्यातील व्यावसायिक अर्थ मात्र गंभीर आहे. केबल टाकण्याचा खर्च एकदाच येतो, तर ती चालू ठेवण्याचा खर्च दर महिन्याला येतो आणि तो स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असतो. जी कंपनी केवळ पहिल्या खर्चाचा हिशेब करते, तिला पक्क्या महालात टिकणे कठीण जाते. हेच तत्त्व घराच्या आतही लागू पडते.

भिंतीपाशी अडणारा वेग

घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरपट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने सहज जातात, परंतु त्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, त्यामुळे वेग मर्यादित राहतो. ५ गिगाहर्ट्झवर वेग भरपूर मिळतो, पण जाड भिंत ओलांडताना त्या लहरी लवकर क्षीण होतात. संकेतात १० डेसिबलची घट झाली की शक्ती एक दशांश उरते आणि २० डेसिबलची झाली की एक शतांश. हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती एकामागून एक ओलांडताना काय होत असेल, याची कल्पना यावरून येते. बाहेरच्या खोलीत १०० मेगाबिटचा वेग देणारी जोडणी आतल्या खोलीत दृक्‌श्राव्य संवादही धड पेलू शकत नाही.

ग्राहक अशा वेळी तक्रार करतो. कंपनीचा तंत्रज्ञ येतो, राउटरला केबल जोडून वेग मोजतो आणि जोडणी निर्दोष असल्याचे सांगून निघून जातो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. कंपनीने दारापर्यंत वेग दिलेला असतो, तर ग्राहकाने पैसे मोजलेले असतात ते मुलाच्या अभ्यासाच्या खोलीसाठी. या दोन सत्यांमधील दरी हाच घरगुती नेटवर्क सेवेचा बाजार होय.

तो भरून काढण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. घरात दोन-तीन ठिकाणी परस्परांशी जोडलेली केंद्रे ठेवून वाय-फायचे जाळे उभारता येते. मात्र ही केंद्रे एकमेकांशी बिनतारी पद्धतीने एकाच लहरपट्ट्यावर बोलत असतील, तर प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून शक्य तेथे त्यांना लॅन केबलने जोडणे श्रेयस्कर ठरते. पक्क्या महालातील घरांना त्यांच्या रचनेचाच एक लाभ मिळतो. मधला चौक वरपर्यंत उघडा असल्याने त्याच्या सज्ज्यात ठेवलेले एक केंद्र समोरच्या आणि वरच्या मजल्यांवरील खोल्यांना भिंतींचा अडथळा टाळून संकेत देऊ शकते. शिवाय जो दगड आपला संकेत अडवितो, तोच शेजाऱ्याच्या संकेताचा उपद्रवही रोखतो. परंतु हे जाणून उपकरणाची जागा ठरविण्यासाठी कोणीतरी घरात येऊन पाहणी करावी लागते. खोक्यात भरून घरपोच पाठविलेले उपकरण हे काम करीत नाही.

कंपन्यांच्या हिशेबातील शंभर रुपये

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९४ कोटी ग्राहक होते. त्यांपैकी तारेवरील जोडण्या ४ कोटींहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे वाढीला वाव प्रचंड आहे. जिओने सप्टेंबर २०१९ मध्ये फायबर सेवा व्यावसायिक स्वरूपात आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने ५जी लहरींवर चालणारी एअरफायबर सेवा सुरू केली. गच्चीवर ग्राहक यंत्र बसवून तेथून घरात केबल आणण्याची ही पद्धत अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत विशेष उपयुक्त आहे, कारण गल्ली खणावी लागत नाही.

तथापि ग्राहक वाढत असताना प्रतिग्राहक उत्पन्न घटत आहे. एअरटेलच्या घरगुती सेवेचे मासिक सरासरी उत्पन्न मार्च २०२३ अखेरच्या तिमाहीत ६२० रुपयांच्या आसपास होते. मार्च २०२५ च्या तिमाहीत ते ५४० रुपयांच्या जवळ आले. याच काळात कंपनीच्या घरगुती ग्राहकांची संख्या एक कोटीपर्यंत पोहोचली. लहान शहरांत स्वस्त पॅक विकून संख्या वाढविली की सरासरी खाली येणे स्वाभाविक आहे. दरवाढ करावी तर ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची भीती असते.

अशा स्थितीत घरगुती नेटवर्क सेवेचे गणित मांडून पाहावे. एक कोटी ग्राहकांपैकी दहातील एकाने, म्हणजे १० लाख ग्राहकांनी, दरमहा १०० रुपये देऊन घरातील प्रत्येक खोलीतील जोडणीची देखभाल घेतली, असे उदाहरणादाखल मानले, तर वर्षाला १२० कोटी रुपये मिळतात. ५४० रुपयांच्या सरासरीने तेवढ्याच एक कोटी ग्राहकांकडून येणारे वार्षिक उत्पन्न सुमारे साडेसहा हजार कोटी होते. म्हणजे ही भर दोन टक्क्यांच्या आतच राहते. केवळ उत्पन्नाकडे पाहिले तर संधी लहान आहे.

तिचे खरे मोल दुसरीकडे आहे. एक ग्राहक सोडून गेला की वर्षाचे सुमारे साडेसहा हजार रुपये जातात आणि त्याच्या जागी नवा ग्राहक आणण्यासाठी पुन्हा जोडणी, उपकरण व विक्रीचा खर्च येतो. आतल्या खोलीत वाय-फाय न मिळाल्याने त्रासलेला ग्राहक कंपनी बदलतो आणि नव्या कंपनीच्या राउटरकडूनही त्याच भिंतीमागे तोच अनुभव घेतो. ग्राहक टिकविणे, निष्फळ ठरणाऱ्या तक्रार-फेऱ्या कमी करणे आणि अधिक वेगाचे पॅक घेण्यास त्याला कारण मिळवून देणे, हे या सेवेचे तीन लाभ आहेत. आतल्या खोलीत २० मेगाबिटच पोहोचत असतील तर ३०० मेगाबिटचे पॅक कोण घेईल?

परदेशातील धडे

या बाबतीत परदेशी कंपन्यांचे मार्ग भिन्न आहेत. ब्रिटनमध्ये बीटीने घराच्या प्रत्येक खोलीत संकेत देण्याची हमी देणारी सेवा विकली आणि हमी पाळली गेली नाही तर पैसे परत करण्याचे मान्य केले. चीनमधील कंपन्यांनी त्याही पुढे जाऊन खोलीपर्यंत फायबर नेण्याचा मार्ग धरला. बारीक, जवळपास पारदर्शक फायबर भिंतीच्या कडेने चिकटवून प्रत्येक खोलीत छोटे केंद्र बसविले जाते. दगडी भिंतींच्या घरांसाठी ही पद्धत विचारार्ह आहे, कारण तिच्यात भिंतीला मोठे छेद पाडावे लागत नाहीत. पक्क्या महालातील घरांच्या वारसामूल्याचा विचार करता हा मुद्दा दुय्यम नाही.

धोक्याचा धडा जर्मनीने दिला आहे. ग्राहकाच्या घरातील राउटर दुरून तपासण्याची व दुरुस्त करण्याची प्रमाणित पद्धत २००४ पासून प्रचलित आहे. तंत्रज्ञाची फेरी वाचविणारी ही सोय या सेवेचा कणा आहे. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये याच दूरस्थ व्यवस्थापनाच्या दारावर चढविलेल्या हल्ल्याने डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. कंपनीने घरातील उपकरणांची किल्ली स्वतःकडे घेतली की त्या घराच्या सुरक्षेची जबाबदारीही तिच्याकडे येते. कोणती उपकरणे केव्हा चालू असतात, याची माहितीही तिला मिळते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असल्याने अशी माहिती कोणत्या प्रयोजनासाठी वापरली जाईल, हे ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगूनच संमती घेणे आवश्यक ठरते.

यात्रेकरूंच्या घरातील मागणी

वाराणसीत या सेवेला मागणी कोठून येईल? डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाल्यानंतर यात्रेकरूंचा ओघ वाढला. उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये होमस्टे धोरणाला मान्यता दिली असून त्यानुसार एक ते सहा खोल्या पाहुण्यांसाठी देणाऱ्या घरांची नोंदणी होऊ शकते. घाटालगतच्या जुन्या वाड्यांना उत्पन्नाचे हे सन्मान्य साधन आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना मराठी बोलणाऱ्या घरी उतरण्याची जुनी सवय आहेच. पाहुणा आता खोली ठरविताना पाण्याबरोबर वाय-फायचीही चौकशी करतो.

अशा घराची गरज साध्या कुटुंबापेक्षा वेगळी आहे. पाहुण्यांसाठी स्वतंत्र नेटवर्क असावे लागते, जेणेकरून घरमालकाचा संगणक आणि कॅमेरे त्यांच्यापासून अलग राहतील. अनोळखी व्यक्तीने त्या जोडणीवरून काही गैरकृत्य केले, तर चौकशीचा पहिला फोन जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला येतो. वीज गेली तरी सेवा चालू राहायला हवी. तांब्याच्या जुन्या दूरध्वनीला केंद्रातून वीज मिळत असे, फायबरच्या उपकरणाला मात्र घरचीच वीज लागते, म्हणून लहान बॅटरीची जोड आवश्यक ठरते. घाटाच्या खालच्या बाजूला पुराचाही विचार करावा लागतो. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर असून १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. उपकरण तळमजल्यावर लावावे की पहिल्या मजल्यावर, हा येथे शोभेचा प्रश्न राहत नाही.

कार्तिक पौर्णिमेच्या देवदीपावलीला, जिचा प्रारंभ पंचगंगा घाटावरून झाल्याचे मानले जाते, लाखोंचा समुदाय नदीकाठी लोटतो. इतक्या लोकांचा भार एकाच वेळी आल्यावर मोबाइल सेवेवर ताण येणे अपरिहार्य असते. त्या रात्री तारेवर चालणारे घरातील वाय-फाय हाच भरवशाचा मार्ग उरतो. दूरच्या यजमानांसाठी दृक्‌श्राव्य माध्यमातून पूजा सांगणारे पुरोहित, घरून काम करणारे तरुण आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग ऐकणारे विद्यार्थी या मागणीचे उर्वरित घटक आहेत.

केबलवाल्याची भूमिका

ही सेवा प्रत्यक्षात देणार कोण, हा कळीचा मुद्दा आहे. पक्क्या महालात कोणत्या घराची गच्ची कोणाच्या गच्चीला लागते, कोणता जिना कोठे निघतो, कोणत्या मालकाची परवानगी घ्यावी लागते, हे कंपनीच्या दूरस्थ कक्षाला माहीत नसते. ते स्थानिक केबलवाल्याला ठाऊक असते. भारत संचार निगम फायबर जोडण्यांसाठी महसूल वाटणीच्या तत्त्वावर स्थानिक भागीदारांची मदत घेते. खासगी कंपन्यांनीही घराच्या आतील सेवेसाठी हा मार्ग अनुसरावा, असे म्हणण्यास आधार आहे. वाहिन्यांचा धंदा मोबाइलवरील मनोरंजनामुळे आकसत चाललेल्या केबलचालकाला त्यात नवे काम मिळते आणि कंपनीला घराच्या आत विश्वासाने प्रवेश मिळतो.

त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली प्रशिक्षणाची. तार जोडता येणे आणि नेटवर्कची आखणी करता येणे ही भिन्न कौशल्ये आहेत, आणि मूळचा पासवर्ड तसाच ठेवून जाणारा माणूस घराचे दार उघडे टाकून जात असतो. दुसरी अट मोबदल्याची. भागीदाराला केवळ नव्या जोडणीमागे पैसे मिळत असतील, तर तो नव्या जोडण्याच करील आणि देखभाल मागे पडेल. मासिक सेवाशुल्कात त्याचा निश्चित वाटा असेल, तरच जुन्या ग्राहकाच्या घरी पुन्हा जाण्यात त्याला स्वारस्य राहील.

नियमांची मर्यादा

नियामकाने अलीकडे बरेच काही केले आहे. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडसाठी किमान वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट करण्यात आला. सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्याच महिन्यात इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याची चौकट जाहीर झाली. तारा व मनोऱ्यांसाठी मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा खालचा भाग वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याचा नियमांचा मसुदा केंद्राने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

तरीही गुणवत्तेचे मोजमाप मुख्यतः कंपनीच्या जाळ्यापुरतेच आहे. घरातील वाय-फाय ग्राहकाची खासगी बाब मानली जाते. कंपनी ते विकत नव्हती तोवर हे योग्यच होते. परंतु ती जर दरमहा शुल्क आकारून खोलीपर्यंतची सेवा विकणार असेल, तर त्या सेवेलाही मोजता येईल असे प्रमाण हवे. कोणत्या खोलीत किमान किती वेग मिळेल, बिघाड किती तासांत दूर होईल आणि तसे न झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे करारात लिहिलेले असावे. अन्यथा जुन्या देयकात शंभर रुपयांची नवी ओळ आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, एवढाच बदल ग्राहकाच्या वाट्याला येईल. इमारतींचे तारांकनही नव्या बांधकामांना अधिक सोयीचे आहे. अनेक वारसांच्या नावावर असलेल्या जुन्या वाड्यासाठी तारांकनाचा अर्ज कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रासाठी अर्थ

पंचगंगा घाटावरील प्रश्न काशीपुरता मर्यादित नाही. पुण्याच्या पेठा, नाशिकची पंचवटी, वाई आणि पंढरपूर येथील काळ्या दगडाच्या वाड्यांची अडचण हीच आहे. पंढरपुरात वारीच्या दिवसांत घरोघरी उतरणारे वारकरी आणि नाशिकला कुंभमेळ्यासाठी येणारे भाविक पाहता, यात्रेकरूंना उतरविणाऱ्या घरांची गरजही सारखीच आहे. मुंबईच्या मनोऱ्यांत दगडाची जागा लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटने घेतली आहे आणि काही ठिकाणी सोसायटीने एकाच कंपनीला प्रवेश दिल्याने ग्राहकाला निवडच उरलेली नाही. तेथे आतल्या खोलीतील सेवेची हमी मागण्याचे त्याचे बळही कमी होते.

घरगुती नेटवर्क सेवा ही कंपन्यांसाठी संधी आहे, यात शंका नाही. मात्र उपकरण भाड्याने देऊन मासिक शुल्क सुरू करणे म्हणजे ती साधणे नव्हे. घरात येऊन पाहणी करणारा प्रशिक्षित माणूस, लेखी हमी, सुरक्षित दूरस्थ व्यवस्थापन आणि स्थानिक भागीदाराला न्याय्य वाटा, या चारही गोष्टींची तयारी असलेल्या कंपनीलाच जुन्या शहरांत ग्राहक टिकवता येईल. ज्या कुटुंबाने पूर्वजांचा वाडा न विकता पाहुण्यांसाठी दोन खोल्या सज्ज केल्या आहेत, त्याच्यासाठी आतल्या खोलीपर्यंत पोहोचणारा संकेत ही चैन नसून त्या वाड्यात राहता येईल की नाही, हे ठरविणारी बाब आहे.